बारा सेकंदांच्या आधीचं काम

विमानाची गोष्ट मी बरीच वर्षं धाडसाची गोष्ट म्हणून ऐकली, तशीच सांगितली, आणि तशीच ती मला प्रिय होती. ऑटो लिलिएन्थाल हा जर्मन इंजिनियर अंगाला पंख अडकवून टेकडीवरून स्वतःला वाऱ्यावर सोडून देतो. पुन्हा टेकडी चढतो, पुन्हा झेपावतो. दोन हजारांच्या आसपास झेपा घेतल्यावर ऑगस्ट 1896 मध्ये तो कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी मरतो. सात वर्षांनी, 17 डिसेंबर 1903 रोजी, किटी हॉकजवळच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट विमानात पालथा झोपून 12 सेकंदांत 120 फूट जातो. या दोन प्रसंगांच्या मधला काळ मला नुसत्या तयारीचा वाटे. जीव पणाला लावणं हीच खरी गोष्ट, बाकी सगळं सुतारकाम आणि लोहारकाम. हवेचं गणित तर विमानं उडायला लागल्यावर विद्वानांनी मागाहून जोडलेलं, असं मी धरून चाललो होतो.

ते मत आता राहिलेलं नाही. विमान जन्मलं ते वाळूवर नव्हे. ते ओहायोतल्या डेटन गावी, राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात, 1901 च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जन्मलं, असं मी आता मानतो. तिथे कोणी उडत नव्हतं. लाकडाचं एक खोकं होतं, पंखा होता, आणि काट्यावर डोळे लावून बसलेली दोन माणसं होती.

माझं मन वळलं ते एखाद्या वादविवादात नाही. विल्बर राइटने ऑक्टाव्ह शनूट या ज्येष्ठ इंजिनियरला लिहिलेली पत्रं वाचत गेलो तसतसं ते वळत गेलं. 1901 च्या उन्हाळ्यात दोघे भाऊ नवं ग्लायडर घेऊन किटी हॉकला गेले होते. पंख 22 फूट लांब, 7 फूट रुंद, एकूण क्षेत्रफळ 290 चौरस फूट. एवढं मोठं ग्लायडर तोवर कोणी उडवलेलं नव्हतं. पंख किती वजन उचलेल याचा हिशेब त्यांनी लिलिएन्थालच्या कोष्टकावरून केला होता. प्रत्यक्षात पंखाने हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल दिली. वर पंख पिळून वळण घेताना यंत्र भलत्याच बाजूला फिरू लागलं, ते वेगळंच. दोघे ऑगस्टमध्ये हताश होऊन परतले. माणूस आणखी पन्नास वर्षं उडणार नाही असं त्या वेळी आपण भावाला म्हणालो होतो, हे विल्बरने पुढे 1908 मध्ये फ्रान्समध्ये जाहीरपणे सांगितलं.

धाडसाची गोष्ट इथेच संपायला हवी होती. धाडसी माणूस अशा वेळी दोनच गोष्टी करतो, पुन्हा झेप घेतो किंवा नाद सोडतो. या दोघांनी तिसरीच गोष्ट केली. हिशेबात घातलेल्या आकड्यांपैकी कोणता खोटा, हे शोधायला ते बसले.

उचल काढायची त्या काळची रीत साधी होती. एक ठरलेला गुणांक, पंखाचं क्षेत्रफळ, वाऱ्याच्या वेगाचा वर्ग आणि त्या आकाराच्या पंखाचा त्या कोनातला आकडा, या चौघांचा गुणाकार. क्षेत्रफळ त्यांनी स्वतः मोजलेलं होतं. वाऱ्याचा वेग चांगल्या वेगमापकाने मोजला होता. म्हणजे संशयित उरले दोन. पंखाचा आकडा लिलिएन्थालचा, 1889 साली छापलेल्या त्याच्या पुस्तकामागच्या प्रयोगांतून आलेला. गुणांक त्याहून कितीतरी जुना. एडिस्टनचा दीपस्तंभ बांधणारा इंग्रज इंजिनियर जॉन स्मीटन याने 1759 मध्ये पाणचक्क्या आणि पवनचक्क्यांवर निबंध लिहिला, त्यातल्या कोष्टकातून तो आला होता. एक चौरस फुटाची सपाट फळी ताशी एक मैल वाऱ्यासमोर उभी धरली तर तिच्यावर 0.005 पौंड दाब पडतो, असं ते कोष्टक सांगे. जवळजवळ दीडशे वर्षं हा आकडा पुस्तकातून पुस्तकात उतरत आला होता.

मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते या आकड्याने. पुस्तकात छापलेला गुणांक वर्गात फळ्यावर लिहायचा, पुढचं गणित सोडवायचं, हेच मी आयुष्यभर केलं. तो कोणी मोजला, कशावर मोजला, हे विचारायची गरज मला वाटली नव्हती, कारण माझ्या गणितावर कोणाचा जीव टांगलेला नव्हता. या दोघांचा होता. पतंगासारखं बांधून उडवलेल्या आपल्याच ग्लायडरच्या नोंदींवरून त्यांनी गुणांक नव्याने काढला. तो 0.0033 च्या आसपास आला. आजचा स्वीकृत आकडाही जवळपास तोच आहे. स्मीटनच्या कोष्टकाने उचल दीडपट फुगवून सांगितली होती.

पण दीडपटीने सगळी तूट भरून निघत नव्हती. मग लिलिएन्थालही चुकला असेल का? सायकलच्या हँडलवर त्यांनी आणखी एक चाक आडवं, मोकळं फिरेल असं बसवलं. त्याच्या कडेला एका ठिकाणी लिलिएन्थालच्या धर्तीचा छोटा बाकदार पंख आणि दुसरीकडे सपाट फळी लावली, आणि वारा निर्माण करायला सायकल जोरात हाणली. कोष्टकाप्रमाणे पंख 5 अंशांवर धरला की दोन्हींचा जोर सारखा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात 18 अंश लागले. पुरावा लिलिएन्थालच्या विरुद्ध गेला. सप्टेंबरमध्ये शिकागोच्या इंजिनियरांपुढे भाषण करताना विल्बरने कोष्टकाबद्दल शंका बोलूनही दाखवली होती.

दुसरा कोणी इथे थांबला असता. मेलेला माणूस चुकला म्हणायला काही पडत नाही. सायकलवरचं मोजमाप मात्र त्यांना कच्चं वाटलं, म्हणून त्यांनी ते खोकं बनवलं. आतून 16 इंच चौकोनी, 6 फूट लांब, वरून पाहायला काच. एका टोकाला दुकानातल्या शाफ्टवर चालणारा पंखा, वारा सरळ यावा म्हणून पुढे जाळी. हा पहिला विंड टनेल नव्हे. फ्रान्सिस वेनहॅमने इंग्लंडात तसा टनेल 1871 मध्येच बांधला होता. डेटनच्या खोक्यातली नवलाची गोष्ट आत बसवलेल्या तुलेची होती.

ती हॅकसॉच्या जुन्या पात्यांची आणि सायकलच्या स्पोकची होती. वर एक आडवा दांडा, खाली एक. वरच्यावर पत्र्याचा चिमुकला पंख उभा बसवायचा, खालच्यावर सपाट पट्ट्या वाऱ्याकडे तोंड करून. वारा सुटला की पंखाची उचल वरच्या दांड्याला एका बाजूला रेटते, पट्ट्यांवरचा दाब तिला अडवतो, आणि दोघांचं जमतं तिथे काटा स्थिरावतो. काट्याने दाखवलेल्या कोनाची साइन काढली की पंखाचा आकडा हातात येतो. पंख आणि पट्ट्या एकाच वाऱ्यात उभ्या असल्याने वारा थोडा कमीजास्त झाला तरी दोघांवर सारखाच परिणाम होतो. स्मीटनचा गुणांकही गणितातून आपोआप गळून पडतो. वाण्याच्या तराजूला गुरुत्वाकर्षण किती हे ठाऊक असावं लागत नाही, कारण ते दोन्ही पारड्यांवर सारखंच असतं. ही तुला त्याच जातीची. ज्या दोन गोष्टी धड मोजता येत नव्हत्या, त्या मोजायची गरजच पडू नये अशी रचना या माणसांनी केली. दोघेही कॉलेजात गेलेले नव्हते.

आकृती बघून मला हे समजलं होतं, पण पटलं ते हाताने केल्यावर. आमच्या वर्कशॉपमधल्या एका कसबी फिटरच्या मदतीने मी तशी तुला जुळवली, पत्रा कात्रीने कापून हातोडीने बाक दिला, आणि साध्या पंख्याच्या वाऱ्यात ठेवली. काटा नुसता थरथरत राहिला. पंख्याचा वारा गरगरत येतो, त्याला सरळ करायला पत्र्याच्या चौकटी लावल्या तेव्हा कुठे तो निवला. मग लक्षात आलं की मी जागेवरून हललो तरी काटा सरकतो. राइट बंधूंनाही नेमकं हेच आढळलं होतं. वाचन घेताना माणसाने ठरल्या जागीच उभं राहायचं आणि खोलीतली मोठी वस्तू हलवायची नाही, असा दंडकच त्यांनी घातला होता. एवढ्या नाजूक गोष्टीशी आठवडेच्या आठवडे निगुतीने वागायचं, सपाट, बाकदार, लांबट, आखूड, एकावर एक ठेवलेले असे दीडशे-दोनशे आकार एकामागून एक बसवायचे, त्यातल्या निवडक आकारांचे कोनागणिक आकडे लिहीत जायचं. यालाही धैर्यच म्हणावं लागेल, आणि ते टेकडीवरून झेप घेण्याच्या धैर्यापेक्षा कमी प्रतीचं नाही, असं त्या दिवसापासून माझं मत झालं.

खोक्याने दिलेला निकाल मला फार आवडतो. लिलिएन्थालचं कोष्टक त्याच्या स्वतःच्या आकाराच्या पंखासाठी बऱ्याच अंशी बरोबर निघालं. फरक आकाराचा होता. त्याचा पंख लांब आणि टोकांकडे निमुळता, तर राइट बंधूंचा 1901 चा पंख आखूड, रुंद आणि वेगळ्या बाकाचा. एका पंखाचे आकडे दुसऱ्याला लावले होते. विल्बरने शनूटला तसं मोकळेपणाने कळवलं, आणि मरण्याच्या सुमारास लिहिलेल्या एका लेखात त्याने लिलिएन्थालला पूर्वसूरींमध्ये सर्वांत वरचं स्थान दिलं. ज्याच्यावर भर सभेत शंका घेतली, त्याची बाजू स्वतःच्याच मोजमापांनी सावरून घ्यायची. विज्ञानात सचोटी म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

त्या आकड्यांतून 1902 चं ग्लायडर निघालं. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, 305 चौरस फूट, पण पंख 32 फूट लांब आणि फक्त 5 फूट रुंद. ते हिशेबाबरहुकूम उडालं. प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच, हे ओळखून त्याचाही हिशेब त्यांनी याच कोष्टकांवरून केला. म्हणून 1903 मध्ये त्यांना सुमारे 12 अश्वशक्तीचं इंजिन पुरलं. त्याच वर्षी अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युअल लँगलीच्या विमानात 52 अश्वशक्तीचं, त्या काळातलं अप्रतिम इंजिन होतं, आणि ते विमान दोन्ही वेळा, ऑक्टोबरात आणि डिसेंबरात, पोटोमॅक नदीत पडलं. लँगली मोजणाऱ्यांतलाच होता. फिरत्या भुजेवरच्या प्रयोगांतून दाबाचा गुणांक त्याने राइट बंधूंच्या आधीच बराचसा बरोबर काढला होता. मात्र त्याने मोजल्या त्या सपाट फळ्या. पुढे यंत्र बांधताना लहान प्रतिकृतीचं माप वाढवत नेलं, आणि उडणाऱ्या माणसाला तोल सांभाळायचा सराव मिळालाच नाही. म्हणून नुसतं मोजलं की झालं, असं मी म्हणत नाही. जी गोष्ट बांधायची तीच मोजावी लागते.

आणि गणित मागाहून आलं, या माझ्या जुन्या समजुतीचं काय? त्यातही अर्धाच अंश खरा होता. म्युनिकमध्ये विल्हेल्म कुट्टाने 1902 मध्ये बाकदार पंखाचं गणित सोडवलं, ते लिलिएन्थालच्या मोजमापांनी घातलेलं कोडं होतं. बाकदार पत्रा वाऱ्याशी अजिबात कोन न करताही उचल देतो, तो कसा? मॉस्कोच्या निकोलाय झुकोव्स्कीने 1906 मध्ये पंखाभोवती फिरणाऱ्या प्रवाहाशी उचलीचं नातं जोडलं. त्याने लिलिएन्थालचं एक ग्लायडर विकतच घेतलेलं होतं. लुडविग प्रांटल याने 1904 मध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत छोटासा निबंध वाचला आणि पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून असलेला हवेचा पातळ थर प्रवाहाचं भवितव्य कसं ठरवतो ते दाखवलं. याच प्रांटलने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लांब, अरुंद पंख सरस का, याचं गणित मांडलं. पंखाच्या टोकांशी हवा खालून वर वळसा घेते आणि त्यापायी पंखाला मागे खेचणारी ओढ वाढते. पंख जितका लांब, तितका या नुकसानीचा वाटा कमी. डेटनच्या खोक्यातल्या काट्याने हेच सतरा वर्षं आधी दाखवलं होतं, कारण न सांगता. आकडे आधी आले होते, आणि त्यांनी गणिताला भाग पाडलं.

खोक्याने एक नुकसानही केलं, ते सांगायला हवं. लहान पंखावर सावकाश वाऱ्यात पातळ आकार सरस ठरतो. मोठ्या, वेगवान पंखाला तो नियम लागू पडत नाही. लहान टनेलांतल्या या निकालामुळे विमानांचे पंख पुढे कितीतरी वर्षं पातळ राहिले, आणि त्यांना आधार द्यायला तारांचं जाळं विणावं लागलं. जर्मनीत, प्रांटलच्या गॉटिंगनमध्ये, 1917 साली मोठा टनेल सुरू झाला, तिथे जाड पंखही उत्तम चालतात असं दिसलं, आणि जर्मन फोकर विमानांनी त्याचा फायदा उठवला. मोजलेला आकडा कोणत्या मापावर, कोणत्या वेगाला खरा, हेही मोजावंच लागतं. स्मीटनच्या कोष्टकाने शिकवलेला धडा राइट बंधूंच्या कोष्टकालाही लागू झाला.

हे सगळं मनात मुरल्यावर आपल्याकडची एक गोष्ट मला वेगळी दिसू लागली. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईत गिरगावच्या चौपाटीवर विमान उडवलं, ही आख्यायिका मी लहानपणापासून ऐकत आलो आणि अभिमानाने सांगतही आलो. तो अभिमान ‘पहिला कोण’ या प्रश्नावर उभा होता. आता माझा प्रश्न बदलला आहे. पंख केवढा होता, वजन किती, वारा किती, उचल किती आली? त्या उड्डाणाचं असं एकही मोजमाप आपल्या हाती नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये, या आख्यायिकेसोबत ज्याचं नाव घेतलं जातं त्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातल्या यंत्रांचा अभ्यास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी आकडेमोडीनिशी मांडला. तो वाचताना मला पूर्वी वाईट वाटलं असतं. आता त्या पाच जणांबद्दल आदरच वाटतो. ओढ, उचल, वजन, तोल, सगळं तपासल्याशिवाय त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तळपद्यांविषयी माझं प्रेम कमी झालेलं नाही. त्या काळच्या मुंबईत एका माणसाला उडायचा ध्यास लागला, एवढंही मला पुरेसं आहे. त्यांच्या पदरात न मोजलेलं यश टाकण्याची गरज मला उरलेली नाही.

आणि हळहळ वाटते ती दुसऱ्याच माणसासाठी. डॉ. विष्णु माधव घाटगे हे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हा मराठी माणूस गॉटिंगनला जाऊन खुद्द प्रांटलकडे शिकला आणि 1930 च्या दशकात तिथून डॉक्टरेट घेऊन आला. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत 1942 मध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची घडी घाटग्यांनी बसवली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये स्थापलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-2 या दोन आसनी शिकाऊ विमानाचं डिझाइन केलं, आणि 1951 मध्ये ते उडालं. भारतात आखलेलं आणि बांधलेलं ते विमान. तशी दीडशेहून अधिक विमानं तयार झाली, आणि वायुदलातल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या त्यांवरच उडायला शिकल्या. लिलिएन्थालच्या कोष्टकापासून निघून डेटनच्या खोक्यातून, प्रांटलच्या गणितातून आलेला धागा एका मराठी माणसाच्या हातून इथल्या मातीवर उतरला, आणि आमच्या व्याख्यानमालांत, शाळांच्या भिंतींवर त्याचा मागमूस नाही.

म्हणून हल्ली मला कोणी विमानावर बोलायला बोलावलं की मी घाटग्यांवर बोलतो. श्रोत्यांतून तळपद्यांचा प्रश्न येतोच, आणि मी वर लिहिलं तेच उत्तर देतो. काही जण नाराज होतात, ते मला समजतं, मीही त्यांच्यातलाच होतो. पण त्यांच्यातली काही तरुण मुलं नंतर थांबून एचटी-2 च्या पंखाविषयी विचारतात. लांबी तेवढीच का ठेवली, जाडी किती, तो आकार कशावरून निवडला? हे प्रश्न ऐकायला मला फार आवडतं. त्यांची उत्तरं त्या विमानाच्या आराखड्यांत आणि हिशेबांत आहेत. ते कोणीतरी सविस्तर मराठीत मांडावेत, अगदी आकड्यांसकट, एवढी माझी तळमळ आहे.